अव्वानं उचललेला बेल

बेलाचं पान मला बघवत नाही. हसू नका, खरं सांगतोय. आमच्या परसात बेलाचं झाड आहे. सोमवारी आळीतल्या बायका पानं मागायला येतात आणि मी खुर्चीवरून उठून आत निघून जातो. बायको म्हणते, "दोन पानं तोडून दिली तर हात झिजतील व्हय तुमचे?" मी गुडघ्यांचं नाव पुढं करतो. गुडघे दुखतात हे खरंच आहे, पण आत जातो तो त्यांच्यामुळं नव्हे.

खरं कारण तिला माहीत नाही. पोरांना माहीत नाही. ज्या मित्रांच्या जिवावर मी 'शेठ' म्हणून मिरवलो त्यांना तर नाहीच नाही. देवापुढंही मी हे कधी मोठ्यानं म्हटलं नाही—त्याला ठाऊक असेल तर असेल. तुमची-माझी ओळख नाही, उद्या रस्त्यात भेटलात तर तुम्ही मला ओळखणार नाही, म्हणून आज जीभ रेटतोय. मध्येच थांबलो तर थांबू द्या. पुन्हा सुरू करीन.

तसं बघायला गेलं तर गोष्ट घरपट्टीची आहे. हो, घरपट्टी—मुन्शिपाल्टीची. खून नाही, दारू नाही, बाईचं लफडं नाही. तुम्ही म्हणाल, हात्तिच्या, एवढंच होय? चार पैसे कोण बुडवत नाही? म्हणा की. मीसुद्धा लई वर्षं स्वतःला हेच सांगत आलो. पण शेवटपर्यंत ऐका आणि मग म्हणा.

आधी माझ्या आईबद्दल सांगायला पाहिजे. आम्ही तिला अव्वा म्हणायचो—घरात अर्धं कानडी, अर्धं मराठी, सोलापुरात आमच्यासारख्यांच्या घरात असतं तसं. अव्वाला अक्षर ओळखता यायचं नाही. बसवरची पाटीसुद्धा दुसऱ्याला विचारायची. पण डोकं! काय डोकं होतं हो त्या बाईचं! कुणाच्या पोरीचं बारसं कोणत्या तिथीला झालं, कुणी किती पायली ज्वारी उसनी नेली आणि परत देताना किती मापं कमी घातली, कोणत्या वर्षी कोणत्या महिन्यात पाऊस दडला—सगळं जिथल्या तिथं. आळीतल्या बायका यायच्या, "अव्वा, आमच्या मामंजींची तिथी कधी वो?" ही भाकरी थापता थापता सांगायची. हात थांबायचा नाही. माझे वडील, अप्पा, भुसार पेढीवर दिवाणजी होते. ते हसून म्हणायचे, मी वही लिहितो पण विचारतो हिलाच. तिला त्याचा अभिमान होता. दागिने फार नव्हते, रूप बेताचं, पण आपलं डोकं खोटं बोलत नाही, याचा तिला फार अभिमान होता.

हे लक्षात ठेवा. पुढं जे सांगायचंय ते ह्या डोक्याबद्दलच आहे.

अप्पांनी एक शहाणपण केलं होतं. राहत्या घराशिवाय साखर पेठेत एक लहानसं घर अव्वाच्या नावावर घेतलं होतं. दोन खोल्या, पुढं ओसरी, मागं न्हाणी, नळ. अप्पा गेल्यावर त्या घराच्या भाड्यावर आमचं चालायचं. मी तेव्हा मॅट्रिक होऊन एका रंगाच्या दुकानात नोकर होतो. पगार बेताचा, ऐट मात्र मालकाची.

आणि अव्वाचा एक नेम होता. संक्रांतीला गड्ड्याची जत्रा भरते, सिद्धेश्वराच्या लग्नाच्या अक्षता पडतात—त्या अक्षता पडायच्या आत डोक्यावर कुणाचं देणं ठेवायचं नाही. दूधवाला, परीट, वाणी, सगळ्यांचं चुकतं करायचं. शेवटी घरपट्टी. दोन्ही घरांची. "देवाच्या लग्नाला देण्याचं तोंड घेऊन जायचं न्हाय, तम्मा," असं म्हणायची. मला ती तम्माच म्हणायची, अगदी मला मिशा आल्या तरी. अप्पांच्या लाल रुमालात पैसे बांधून द्यायची, दोन गाठी मारून—एक गाठ या घराची, एक त्या घराची. "आधी पट्टी भर. मग तुझं काय असंल ते."

राहत्या घराची मी भरायचो. तिथं वसुलीवाले दारात आले असते ना! साखर पेठेतल्या घराची मात्र—

थांबा. सरळ सांगतो. नाही भरली. पहिल्या वर्षी कचेरीत गेलो तेव्हा खिडकीपाशी लांबलचक रांग होती. उन्हात उभं राहायचा कंटाळा आला. परत फिरलो तर वाटेत दोस्त भेटले. हॉटेलात बसलो. भजी झाली, स्पेशल चहा झाला, पुन्हा भजी झाली, आणि बिल आलं तेव्हा मी रुमालाची एक गाठ सोडली. कुणीतरी म्हणालं, "वा शेठ!" बस्स. त्या एका शब्दावर मी पाघळलो. रंगाच्या दुकानात डबे उचलणारा नोकर मी, आणि चार रिकामटेकडे मला शेठ म्हणतात! पुढं ती सवयच झाली. बाईच्या नादापायी माणूस बिघडतो म्हणतात, जुगारापायी बिघडतो म्हणतात. मी भज्यांपायी बिघडलो. सांगताना माझी मलाच शिसारी येते—निदान पाप तरी मोठं करायचं होतं!

"भरली का तम्मा?" "भरली." एवढंच बोलणं व्हायचं. पावती तिनं कधी मागितली नाही. पोटच्या पोराकडं पावती मागतात होय? मग ती हलक्या डोक्यानं अक्षतांना निघायची. मीही पांढरे कपडे घालून तिच्याशेजारी गर्दीत उभा राहायचो आणि मूठभर अक्षता टाकायचो. टाकताना माझा हात एकदाही अडखळला नाही, हेही सांगून टाकतो.

असं तीन-चार वर्षं चाललं. मुन्शिपाल्टीच्या नोटिसा साखर पेठेत भाडेकरूकडं यायच्या, तो बिचारा दुकानावर आणून द्यायचा, आणि मी फाडून गटारात टाकायचो.

मग माझ्या डोक्यात स्वतःच्या दुकानाचं खूळ शिरलं. बहात्तरचा दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली असतील. लोक पुन्हा घरांना रंग देऊ लागले होते. मी अव्वाच्या मागं लागलो, ते घर विकू, मला दुकान टाकून दे. तिनं एक दिवस घेतला. दुसऱ्या दिवशी म्हणाली, "घर तरी कुणासाठी ठेवू? वीक." भाडेकरू सोडून गेला आणि गिऱ्हाईक आलं.

यल्लय्या त्याचं नाव. विणकर. घरात तेलुगू बोलणारा, बाहेर मराठी जुळवून जुळवून बोलणारा, बारीक अंगाचा, हात सतत सुताला लावल्यामुळं बोटं पांढुरकी झालेली. आयुष्यभर दुसऱ्याच्या मागावर चादरी विणल्या होत्या. आता नवराबायकोनं पै-पैसा साठवला होता. ओसरीत उभा राहून त्यानं पावलांनी जागा मोजली आणि बायकोकडं बघून हसला. माग मावत होता. त्याला घर नको होतं खरं तर, त्याला मागाला जागा हवी होती.

आता एक गोष्ट तुम्हाला माहीत असेल-नसेल. घरपट्टी माणसाला नसते, घराला असते. घर विकलं की मागची थकबाकी घराबरोबर जाते, नव्या मालकाच्या बोकांडी बसते. आणि ती फिटल्याशिवाय मुन्शिपाल्टी त्याचं नाव घराला लावत नाही. हे मला पक्कं ठाऊक होतं. ठाऊक होतं म्हणूनच मला मोकळं मोकळं वाटत होतं—कळतंय ना तुम्हाला? मला वाटलं, चला, बला टळली. भरेल तो. घर घेणाऱ्याकडं असतातच पैसे.

आणि विक्रीच्या पैशातून मला गुपचूप भरता आली असती. कुणाला कळलंसुद्धा नसतं! का नाही भरली? दुकानाला नवा बोर्ड हवा होता. तीन रंगांत.

शहाणा माणूस घर घेताना कचेरीत जाऊन विचारतो, बाकी आहे का काही. यल्लय्या गेला नाही. त्यांच्यात रीत वेगळी होती. खरेदीखताच्या आदल्या दिवशी विकायच्या घरातच पाच वडीलधारे बसवायचे, पानसुपारी करायची, आणि विकणाऱ्यानं बेलभंडार उचलायचा—ह्या घरावर देणं नाही, भाऊबंदांचा वाटा नाही, सरकारचं काही नाही. त्यांच्यातला एक पिकल्या मिशांचा म्हातारा होता, त्यानं आधी तेलुगूत आणि मग आमच्यासाठी मराठीत सांगितलं, "कागद कचेरीला. बेल घराला." उचललेल्या बेलावर कुणी शंका घ्यायची नाही. आणि एकदा बेल उचलल्यावर कचेरीत चौकशीला जाणं म्हणजे विकणाऱ्याच्या तोंडावर थुंकणं. यल्लय्या तसा माणूस नव्हता.

सतरंजी टाकली होती. पितळी ताट होतं, त्यात हळदीचा भंडारा आणि त्यावर बेलाचं एक पान, तीन दळांचं, ताजं. म्हातारा म्हणाला, "आई उचलू दे नाहीतर ल्योक उचलू दे. आमाला दोन्ही सारखंच."

आता ऐका. इथवर मी सांगितलं ते काहीच नाही.

मी ताटाकडं बघितलं आणि माझे हात आपोआप पाठीमागं गेले. मी घाबरलो. मुन्शिपाल्टीला नाही, पोलिसाला नाही—बेलाला घाबरलो. खोटा बेल उचलला तर वंश बुडतो, हात झडतात, असलं लहानपणापासून ऐकलेलं सगळं एकदम आठवलं. म्हणजे बघा, माझा देवावर विश्वास होता! नास्तिक असतो तर बरा असतो, निदान स्वतः उचलून मोकळा झालो असतो. मला ठाऊक होतं शपथ खोटी आहे. मला ठाऊक होतं ती ज्याच्या हातून उचलली जाईल त्याला लागेल. आणि हे सगळं ठाऊक असून मी तोंड गोड करून म्हणालो, "घर अव्वाच्या नावावर हाय. मान तिचा. तिनंच उचलावं."

पाचही जणांनी माना डोलावल्या. आईचा मान राखणारा पोरगा! यल्लय्याच्या बायकोनं तर माझ्याकडं असं कौतुकानं बघितलं की काय सांगू. थू माझ्या जिंदगीवर.

अव्वा उठली. न्हाणीत जाऊन नळावर हात-पाय धुऊन आली. डोक्यावरून पदर घेतला. बेल उचलून कपाळाला लावला आणि स्वच्छ आवाजात म्हणाली, "ह्या घरावर कुणाचं एका पैशाचं देणं न्हाय. दरसाल अक्षतांच्या आधी सरकारची पट्टी भरलेली हाय. खोटं असंल तर देव मला विचारंल." दरसाल पट्टी भरल्याचं तिला कुणी म्हणायला सांगितलं नव्हतं. ते तिचं तिनंच म्हटलं, अभिमानानं. मी सतरंजीच्या सुटलेल्या धाग्याशी चाळा करत बसलो होतो. यल्लय्यानं ते पान दोन्ही हातांत घेऊन धोतराच्या सोग्यात ठेवलं. नंतर त्यानं ते मागाच्या वर, आढ्याला, कापडात बांधून ठेवलं होतं म्हणे.

खरेदी झाली. माझं दुकान निघालं. तीन रंगांचा बोर्ड लागला.

उन्हाळ्याच्या तोंडाला यल्लय्या दुकानावर आला. घराला नाव लावायला गेला होता तर मागची बाकी निघाली म्हणाला. पण त्याला राग नव्हता, उलट तोच ओशाळला होता. "त्यांचीच चूक असंल की. मी सांगितलं त्यांना, अव्वानं बेल उचललाय. ऐकंनात. तुमी जरा येता का?" मी म्हणालो, बघतो, चूक दुरुस्त करून घेतो. पुन्हा आला. पुन्हा बघतो म्हणालो. मग तर तो लांबून दिसला की मी मागच्या गोदामात जाऊन बसायचो, तारपीनच्या वासात, आणि गडी सांगायचा, शेठ बाहेर गेलेत.

शेवटी थकबाकीपायी मुन्शिपाल्टीनं त्यांचा नळ तोडला. सोलापूरचं ऊन तुम्हाला माहीत आहे का? त्या उन्हात त्याची बायको दोन चौक ओलांडून डोक्यावर घागरी आणायची. प्यायला आणेल की सुताला? ताण्याला, म्हणजे उभ्या सुताला, खळ द्यायला पाणी लागतं, भरपूर लागतं. खळ नाही तर ताणा नाही, ताणा नाही तर चादर नाही. आयुष्यभराची कमाई घालून घेतलेल्या घरात त्याचा माग उभाच्या उभा थांबला. हे मला आळीतल्या लोकांकडून कळत होतं. मी "अरेरे" म्हणत होतो.

मग एका सकाळी तो घरी आला. त्या पिकल्या मिशांच्या म्हाताऱ्याला घेऊन. अव्वा दारातच जोंधळे पाखडत होती, मी तिच्या मागं दुकानाला निघायच्या तयारीत होतो. यल्लय्या ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं, मीही ओरडलो असतो, चोराच्या उलट्या बोंबा मला चांगल्या जमतात. त्यानं खिशातून कापडाची पुडी काढली, सोडली, आणि वाळून पाचोळा झालेलं ते पान उंबऱ्यावर ठेवलं. "अव्वा, तुमचा बेल तुमी घ्या. माज्या घरात मी न्हाय ठेवत."

अव्वाला आधी कळलंच नाही. म्हाताऱ्यानं सांगितलं—बाकी किती वर्षांची, नळ कधी तोडला. तिचं सूप हातातच राहिलं. तिनं मान वळवून माझ्याकडं बघितलं. आणि तिच्या बघण्यात संशय नव्हता हो! तुम्हाला कसं सांगू? ती फक्त वाट बघत होती, मी "भरली" म्हणायची. दरवर्षी म्हणायचो तसं.

मी काय म्हणालो माहीत आहे?

मी म्हणालो, "अव्वा, त्या घराचे पैसे तू दिलेसच कुठं? ह्या घराचे द्यायचीस तेवढे मी भरले."

म्हटलं! तोंड वर करून म्हटलं. आधी ठरवलेलं नव्हतं, पण अडखळलोही नाही. अव्वाचे ओठ हलायला लागले. ती मागं जात होती—ही संक्रांत, तिच्या आधीची, तिच्या आधीची. मला दिसत होतं. आणि तिला सगळं बरोबर सापडत होतं, कारण ती हळूच म्हणाली, "लाल रुमालात... दोन गाठी बांधून दिल्या न्हवत्या मी?"

आणि मी हसलो. म्हाताऱ्याकडं बघून हसलो, बायकांच्या बोलण्यावर पुरुष एकमेकांकडं बघून हसतात तसा. "दुसरी गाठ वाण्याची असायची, अव्वा. वय झालं तुझं."

म्हाताऱ्याची चर्या निवळली. "म्हातारं मानूस," तो यल्लय्याला म्हणाला, "हुतं असं." दोघांनाही तिची दया आली. अव्वानं आळीपाळीनं आम्हा तिघांकडं बघितलं. पोटचं पोर समोर उभं राहून खोटं बोलेल, हे तिच्या मनाच्या कोपऱ्यातही नव्हतं. मग खोटं कोण? ती म्हणाली, "व्हय की. मीच इसरले असन." आणि उंबऱ्यावरचं पान उचलून पदरात बांधलं.

यल्लय्याचं भलं झालं. अव्वानं गळ्यातली बोरमाळ विकली, त्याला बरोबर घेतलं आणि स्वतः कचेरीत जाऊन रांगेत उभी राहिली. सगळी बाकी फेडली, नळ जोडून घेतला. मी येतो म्हणालो तर नको म्हणाली, "तुजं दुकान हाय." यल्लय्याचं नाव घराला लागलं, माग चालू झाला. पुढं त्यानं एक चादर आणून दिली, हात जोडून अव्वाची माफी मागितली. त्यानं! तिची! ती चादर तिनं कधी पांघरली नाही, पण दर चैत्रात काढून उन्हात घालायची.

एक माणूस असा वाचला. दुसऱ्याचं काय झालं ते सांगतो.

अव्वानं कमरेच्या किल्ल्या काढून माझ्या बायकोला दिल्या. नुकतीच नांदायला आलेली पोर ती, घाबरली. अव्वा म्हणाली, "माज्या डोक्याचा भरवसा न्हाय आता." बायका तिथी विचारायला यायच्या तर म्हणायची, "मला इचारू नगा बाई. दुसऱ्या कुणाला तरी इचारा." हळूहळू त्या यायच्या बंद झाल्या. पदराला गाठी मारायला लागली—दूध आलं, एक गाठ. मीठ संपलं, एक गाठ. गाठ कशाची हे तिला बरोबर आठवायचं, पण तरी बायकोला विचारायची, "ही मिठाचीच न्हवं?" भाकरी थापताना मध्येच हात थांबायचा. चूल विझवली का, दार लावलं का, उठून पुन्हा बघून यायची. आणि सोमवारी सिद्धेश्वराला जायची, फुलं वाहायची, पण बेल दुसऱ्या बाईच्या हातात द्यायची. "माज्या हातचा नगं त्याला. तू वाहा."

लोक म्हणाले, आईला दाखवा कुणाला तरी. मी दाखवलं! मुलानं जसं करायला हवं तसं सगळं केलं. डॉक्टरांनी तिला पन्नास गोष्टी विचारल्या, तिनं सगळ्यांची धडाधड उत्तरं दिली. मला बाहेर बोलावून ते म्हणाले, "यांना काही झालेलं नाही. माझ्यापेक्षा चांगली आठवण आहे." मी आत येऊन तिला काय सांगितलं? सांगितलं, औषध घ्यायला लागेल म्हणाले. आणि शक्तीच्या औषधाची एक बाटली घेतली. रोज सकाळी ती चमचाभर प्यायची, तोंड वाईट करून, आठवण परत यावी म्हणून. बाटली संपली की मी दुसरी आणायचो.

हे सगळं मी बघत होतो, बरं का. जेवत होतो, झोपत होतो, दुकान वाढवत होतो. एक वाक्य बोलायचं होतं—अव्वा, तू दिले होतेस. एवढंच. रोज सकाळी बोलता आलं असतं, रोज संध्याकाळी बोलता आलं असतं. नाही बोललो.

घरपट्टीचा नेम मात्र तिनं सोडला नाही. आता एकच घर राहिलं होतं, पण गड्ड्याच्या आधी शेजारच्या काकूंना हाक मारायची, साक्षीला. "बघा हं काकू, पट्टीचे दिले मी तम्माला. आठवणीत ठेवा." काकू हसायच्या. मी खाली मान घालून रुमाल घ्यायचो. ह्या पैशांतून मात्र पट्टी मी खरंच भरत होतो. रांगेत उभा राहून, पावती घेऊन.

ती गेली त्या वर्षीची भोगी, संक्रांतीचा आदला दिवस. सकाळी तिनं काकूंना बोलावलं, पैसे दिले, काकू घरी गेल्या. घरभर तिळाचा वास होता. दुपारी मी दुकानातून आलो, हात-पाय धुतले, अक्षतांना जायचे पांढरे कपडे खुंटीवरून काढले. अव्वा भिंतीला टेकून बसली होती, पदराच्या गाठी चाचपत. म्हणाली, "तम्मा, पट्टीचे दिले का रे मी तुला?"

दिले होते. सकाळी दिले होते. रुमाल माझ्या दुसऱ्या सदऱ्याच्या खिशात, समोरच्या खुंटीवर होता. दुकान जोरात चालत होतं, मला पैशाची काडीचीही गरज नव्हती. ती माझ्या तोंडाकडं बघत होती. 'दिलेस' म्हणालो असतो तर तिचा आपल्या डोक्यावर पुन्हा भरवसा बसला असता.

मी म्हणालो, "न्हाय, अव्वा."

"बघ," ती म्हणाली, "बरं झालं इचारलं." तिनं पदराची गाठ सोडली आणि पुन्हा पैसे मोजून माझ्या हातावर ठेवले. मी ते घेतले, खिशात घातले, आणि पांढरे कपडे घालून अक्षता टाकायला गेलो.